लाल गरुडाचा कागद

अमेरिकेत डॅलसजवळ अर्विंगला नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. अपार्टमेंटमधून चालत जाता येईल अशी दोनच ठिकाणं होती. एक इंडियन ग्रोसरीचं दुकान आणि त्याला लागूनच एक थाई हॉटेल. पाच टेबलं, काचेवर चिकटवलेली हिरवी वेलबुट्टी आणि आत एकटीने स्वयंपाक करणारी, पन्नाशी ओलांडलेली मालकीण. आम्ही तीन रूममेट होतो, मी, एक नागपूरचा आणि एक पुण्याचा. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो, आधी तिच्या माघारी आणि मग तोंडावर. तिने अर्थ विचारला. आईची बहीण, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "आईला विचारलंत का, बहीण हवी आहे का म्हणून?"

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, तिचं मोडकं आणि माझंही फारसं सरळ नाही. इथे ते मी मराठीत लिहितो आहे.

मी मासे-मटण खात नाही, आणि तिच्या प्रत्येक पदार्थात माशाचा रस असायचा. दुसऱ्याच आठवड्यात तिने माझ्यासाठी एक वेगळी कढई काढली. कोणी तिला हात लावला की ओरडायची, "ती मास्टर्सची आहे!" माझं मास्टर्स झालं आहे हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, न विचारता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे ते सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही. तेव्हापासून तिने माझं नाव मास्टर्सच ठेवलं. पहिला महिनाभर रोज सकाळी भाजी आणायला जाताना ती मला ऑफिसला सोडायची. लायसन्सची परीक्षा मी तिच्याच गाडीवर दिली आणि दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी पास होऊन बाहेर आलो, तर ती बाकावर बसून शेंगा सोलत होती. "झालं एकदाचं," म्हणाली. "आता माझा क्लच वाचला."

हे सगळं आधी सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते मी एखाद्या अनोळखी बाईच्या बाबतीत केलेलं नाही.

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मुखत्यारपत्रं. शाळा सुटली की मी तिथे जायचो, कार्बन लावायचो, टाइप केलेलं मोठ्याने वाचून तपासायचो. 'सदर मिळकत', 'तमाम हक्कांसह', 'वंशपरंपरा' हे शब्द मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाले. वडिलांचा एकच नियम मला नीट कळला होता, निदान तसं मला वाटत होतं. कागदात काही सोडायचं नाही. एक शब्द राहिला की माणसाला चाळीस किलोमीटरवरून परत यावं लागतं. इंजिनियरिंगला गेल्यावर मात्र मित्रांना मी वडील 'रेव्हेन्यू साइडला' आहेत असं सांगायचो.

एका दुपारी हॉटेलात गर्दी नव्हती. मावशीने प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुना कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर गरुडाचं चित्र होतं, काळ्या शाईत छापलेलं. खाली सगळं थाई, आणि एक कच्चा नकाशा.

"ही माझ्या आईची जमीन," ती म्हणाली. "आता माझी. इथे तळं आहे. इथे दोन चिंचा. म्हातारपणी मी इथे घर बांधणार आहे."

तिने मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे जमिनीचे कागद गरुडाच्या रंगावरून ओळखतात. काळा गरुड म्हणजे जमीन तुम्ही कसता, तुमचा ताबा आहे, एवढंच सरकार मान्य करतं. लाल गरुड म्हणजे पूर्ण मालकी. त्यासाठी सरकारी मोजणी होते, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबर घातलेले सिमेंटचे खुंट ठोकतात, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी येऊन हद्द कबूल करून सह्या करायच्या असतात, मग तीस दिवस नोटीस लागते. हरकत आली नाही तर लाल गरुड मिळतो. काळ्या गरुडाच्या जमिनीत कोणी घुसला आणि वर्षभरात आपण कोर्टात गेलो नाही, तर ती हातची जाऊ शकते. तिच्या गावाजवळून नवीन रस्ता निघत होता आणि शेजाऱ्याचं कुंपण चिंचेच्या अलीकडे सरकलं होतं.

"तीन आठवडे हॉटेल बंद ठेवून जाते," ती म्हणाली. "मोजणीला मी स्वतः उभी राहते."

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. मोजणी, हद्द, नोटीस, हरकत, हे सगळे माझे शब्द होते. ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड उघडायला मी घाबरायचो. आणि इथे अख्ख्या अमेरिकेत पहिल्यांदा कोणीतरी मला येणाऱ्या विषयावर बोलत होतं.

"मावशी, तुम्ही कशाला जाता?" मी म्हटलं. "मुखत्यारपत्र करू. तिकडे कोण आहे तुमचं?"

"धाकटा भाऊ."

"मग झालं तर."

भाऊ कसा आहे, हे मी विचारलं नाही. कागद पिशवीत घालता घालता तिचा हात थांबला, तेही मी पाहिलं. पण मी आधीच तिच्या ऑर्डरच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मसुदा लिहायला घेतला होता.

घरी गेल्यावर रूममेट्सनी ऐकून घेतलं आणि सुरू झाले.

"काय बे, इथंही कचेरी उघडली काय?" नागपूरकर म्हणाला.

"बाहेर बोर्ड लाव," पुण्याचा म्हणाला. "अर्जनवीस, अर्विंग शाखा. आमच्या दुसऱ्या कुठेही शाखा नाहीत."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.

थाई वकिलातीची माणसं अधूनमधून डॅलसजवळच्या एका बुद्धमंदिरात कॅम्प लावायची. एका रविवारी मावशी मला तिथे घेऊन गेली. आवारात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होते, पोरं पळत होती, आणि सभामंडपात तीन टेबलांवर पासपोर्ट आणि कागदपत्रांचं काम चाललं होतं. आमच्या टेबलावर एक तरुण अधिकारी मुलगी होती. मुखत्यारपत्राचा छापील फॉर्म होता. त्यात मुखत्याराला कोणकोणते अधिकार द्यायचे हे लिहायला जागा होती. मावशीने माझा मसुदा समोर ठेवला, आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगायचो तसं मावशी फॉर्मवर थाईत लिहीत गेली.

मोजणीसाठी अर्ज करणे. हद्द दाखवणे. शेजाऱ्यांच्या सह्या घेणे. नवीन मालकीपत्र ताब्यात घेणे. आणि पुढे, वडिलांच्या टाइपरायटरवर शंभरदा वाचलेलं, 'सदर मिळकत विक्री, गहाण, बक्षीस वा अन्य कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करणे व त्याकामी आवश्यक त्या सर्व सह्या करणे'.

अधिकारी मुलीने वाचलं. मावशीला थाईत काहीतरी विचारलं. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "मालकीपत्रासाठी पहिल्या चार ओळी पुरेशा आहेत. हे खालचं कशाला?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या," मी म्हटलं. "एखादा शब्द कमी पडला तर पुन्हा पुढच्या कॅम्पपर्यंत थांबावं लागेल. तोवर शेजारी तळ्यापर्यंत येईल."

"नक्की?" मावशीने विचारलं.

"माझे वडील आयुष्यभर हेच करत आलेत."

त्या एका दिवशी मी वडिलांचा धंदा खरा सांगितला, आणि तो ह्या कामासाठी. तिने सही केली. मुलीने शिक्का मारला. बाहेर येऊन मावशीने मला पपईची कोशिंबीर घेऊन दिली, माशाचा रस न घालता, मुद्दाम वेगळी कुटून.

साताठ महिन्यांनी लाल गरुड आला. भावाने पाठवलेली रंगीत प्रत होती ती. मावशीने ती लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावली. येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून सांगायची, "ह्याने केलं. इथे बसून." एकदा शेजारच्या ग्रोसरीवाल्या काकांना हात धरून आणून दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "आमच्या गावच्या प्लॉटचंही बघ बाबा, बारा वर्षं लटकलाय." मी त्या आठवड्यात घरी फोन केला तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. मग विचारलं, "मुखत्यार कोण केला?"

"तिचा भाऊ."

"सर्वाधिकार दिले?"

"हो, तुमचाच मसुदा."

मग ते म्हणाले, "बरं," आणि फोन आईकडे दिला. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमाराला, म्हणजे तिच्या गावच्या पावसाळ्याच्या, भाऊ फोन उचलेनासा झाला. मग एका भाचीने सांगितलं. चिंचा तोडल्या आहेत, तळं बुजवलं आहे, रस्त्याच्या कडेने भिंत बांधली आहे. जमीन विकली गेली होती. काळा गरुड असता तर बाहेरचं कोणी घ्यायला धजलं नसतं, पण आता लाल गरुड होता. मोजलेली, खुंट ठोकलेली, बिनहरकतीची जमीन. विकायला अगदी तयार.

मी जेवायला गेलो तेव्हा ती गल्ल्यामागे उभी होती. लॅमिनेट केलेला कागद काढून काउंटरवर उलटा ठेवला होता.

"तुला कळतं हे सगळं," ती म्हणाली. "माझ्या नावावर असलेली जमीन तो कशी विकेल? माझी सही लागते ना? मी तर इथे आहे."

मला त्याच क्षणी कळलं होतं. मंदिरातलं ते टेबल, खालची ओळ, अधिकारी मुलीचा प्रश्न, सगळं समोर आलं. हेही कळलं की ती ओळ तिला आठवत नाही. पाच-सहा ओळींतली एक, माझ्या तोंडून ऐकून उतरवलेली, त्या गर्दीत. मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो. तेवढंच करायचं होतं.

मी म्हटलं, "खोटी सही केली असेल त्याने."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझी सही?"

"असं होतं," मी म्हटलं. "आमच्याकडे तर सर्रास होतं."

का म्हटलं, याची बरीच उत्तरं मी नंतर तयार केली. घाबरलो होतो. विचार करायला वेळ हवा होता. दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो. त्यातलं एकही खरं नाही. त्या हॉटेलात मी मास्टर्स होतो, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तोवर तिने गावी फोन केले होते. तिच्या स्वतःच्या थोरल्या मावशीला, मामेभावांना, गावच्या मुख्याला. भावाने आपली खोटी सही केली, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांत जाईन म्हणाली होती. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. थोरल्या मावशीने रविवारी सगळ्या नातेवाइकांना घरी बोलावलं, मधे फोन ठेवला आणि भावाला समोर बसवलं. भावाने कागद काढला. वकिलातीचा शिक्का, हिची सही, आणि सगळा मजकूर हिच्याच अक्षरात. थोरल्या मावशीने तो मोठ्याने वाचला, फोनवर हिला ऐकू जाईल असा. विक्री, गहाण, बक्षीस.

रविवारचं हे मला तिने नाही सांगितलं. तिच्या हॉटेलात दुपारी भांडी घासायला येणाऱ्या मेक्सिकन बाईने सांगितलं, ग्रोसरीसमोर पार्किंगमध्ये. "खूप रडली," ती म्हणाली. "तिकडचे लोक म्हणतात, अमेरिकेत राहून ही स्वतःच्या भावावर खोटे आळ घेते."

त्यानंतर मी त्या हॉटेलात गेलो नाही. ग्रोसरीलाही दुसऱ्या, लांबच्या दुकानात जायला लागलो. आता माझ्याकडे गाडी होती. नागपूरकर एकदा म्हणाला, "मावशी विचारत होती बे, मास्टर्स आजारी आहे काय?" मी म्हटलं, प्रोजेक्टची डेडलाइन आहे. ती डेडलाइन अकरा महिने चालली.

वडिलांना मी एकदा फोनवर सगळं सांगून टाकलं. फक्त खोट्या सहीचं सांगितलं नाही.

"अरे, सर्वाधिकाराचा कागद मी दिवसभर टाइप करतो," ते म्हणाले. "पण आधी लिहून देणाऱ्याला बाजूला घेतो. चहा पाजतो. विचारतो, उद्या ह्याच्याशी तुझं वाजलं, तर हा कागद त्याच्या खिशात चालेल का तुला? निम्मे उठून जातात. तुला दिसले नाहीत?"

मला चहाला गेलेले लोक दिसायचे. मी तेव्हा कार्बन लावत असायचो. मला वाटायचं, वडील वेळ घालवतायत.

२००८ मध्ये कंपनीने मला दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूच्या ऑफिसला हलवलं. सामान बांधून झालं. जायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, हॉटेल रिकामं असतं हे ठाऊक असल्यामुळे, मी गेलो. दारावरची घंटी वाजली. ती भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

"आजार बरा झाला?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती ओळ माझी होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. खोट्या सहीचं मी मुद्दाम बोललो. माफ करा.

तिची सुरी थांबली नाही. कांद्याची पात संपली तेव्हा थांबली.

"ओळ मी लिहिली," ती म्हणाली. "माझ्या हाताने, माझ्या भाषेत. मला वाचता येतं, मास्टर्स. ती मुलगी दोनदा विचारत होती, तेही मला कळत होतं. त्यात तुझा निम्मा भाग, माझा निम्मा. जमीन माझ्या भावाने घेतली. ते त्याच्याकडे."

"हो."

"पण तो चोर आहे, हे मी खरं बोलत होते. तू मला खोटं पाडलंस. आता तो गावात मान वर करून फिरतो आणि मी खोटारडी. थोरली मावशी माझा फोन घेत नाही. ती ऐंशीची आहे." तिने हात पुसले. "आणि तू पण तेच केलंस. त्याने फोन उचलला नाही, तू हे दार उघडलं नाहीस."

मी निघावं का, कळत नव्हतं.

तिने ऑर्डरची वही काढली. तीच, किंवा तशीच दुसरी. पाठकोरं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं.

"बस. लिही," ती म्हणाली. "तुला लिहिता येतं ना? माझ्या मावशीला लिही. मी थाईत करीन, गावच्या भिक्खूंना तिच्यासमोर वाचायला सांगीन. जमीन परत येत नाही. मला माझं नाव परत हवंय."

मी बसलो. वर तारीख घातली, उजव्या कोपऱ्यात. मग माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गाव, तालुका, जिल्हा आणि अर्विंगचा पत्ता. मग लिहिलं, की मी अमुक अमुक, अमुक रविवारी मंदिरात आपल्या भाचीसोबत होतो. विक्रीची ओळ मी सांगितली. अधिकाऱ्याने नको म्हटलं असता मी आग्रह धरला. जमीन विकल्याचं कळल्यावर मला खरं कारण ठाऊक होतं, तरी सही खोटी असेल असं मीच तिला सांगितलं, आणि मी शिकलेला म्हणून तिने विश्वास ठेवला. तिने भावावर खोटा आळ घेतला नाही. तो आळ माझा आहे. काही सोडलं नाही. शेवटी लिहिलं, की मी हे सर्व तिचं भलं व्हावं याच हेतूने केलं होतं, आणि सही केली.

तिने सावकाश वाचलं, ओठ हलवत. एकदा मला एका शब्दाचा अर्थ विचारला. मग पेन घेऊन शेवटच्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली.

"हे नको," ती म्हणाली.

खाडाखोड केलेला कागद चालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी नवीन पान घेतलं आणि सगळं पुन्हा लिहून काढलं, ते वाक्य वगळून. तिने दोन्ही पानं फाडून घेतली. नीट लिहिलेलं घडी करून गल्ल्यात ठेवलं, रेघ मारलेलं माझ्या हातात दिलं आणि उरलेली भाजी चिरायला वळली.

माझी कढई खुंटीवर तशीच टांगलेली होती. तिने जेवायचं विचारलं नाही, मीही मागितलं नाही.